आजोबांचा टिकीट नंबर विचारून ठेवा

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर इथल्या घरांना एक विनंती आहे. तुमच्या घरातलं जे माणूस कारखान्यात राबून गेलं, मग ते आजोबा असोत, पणजोबा असोत की काडेपेट्या भरणारी आजी असो, त्याचं आयुष्य शोधा आणि लिहून ठेवा. ‘बघू मे महिन्यात’ असं नको, आताच. त्यांच्याबरोबर एका पाळीला असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

आपल्याकडे वंशावळ काढायची म्हटली की गाडी कुलदैवत, देवक आणि कुठल्याशा मूळ पुरुषापाशी जाते. सहा पिढ्यांपूर्वीचा वतनाचा वाद सापडला तर घरात पेढे वाटले जातात. पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं रात्रपाळ्या करून घर उभं केलं त्याच्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, ‘विम्कोत होते.’ झालं. कुठल्या खात्यात होते, हाताने नेमकं काय करत होते, बदलीवरून परमनंट कधी झाले, संपात बाहेर होते की आत, यातलं काही नाही. मला विचाराल तर मूळ पुरुषापेक्षा या माणसाचा पत्ता लावणं जास्त गरजेचं आहे, आणि सोपंही.

स्कॉटलंडमध्ये कोळशाच्या खाणीत राबलेल्या खापरपणजोबांचा माग साधी कुटुंबं हौसेने काढतात. त्यांना सोय आहे. तिथे १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यूची नोंद सक्तीची झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, मरणाचं कारण असं सगळं येतं. १८४१ पासूनच्या जनगणनेची घरवार पानं शंभर वर्षांनी लोकांना उघडी होतात. १९२१ ची २०२२ साली झाली. कुठल्या घरातली पोरं खाणीत जात होती, बाप जिवंत होता का, घरात बाहेरचा कुणी भाड्याने राहत होता का, हे त्यातून कळतं. ब्लँटायरच्या खाणीत २२ ऑक्टोबर १८७७ रोजी स्फोट झाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या मृतांच्या यादीवरून आजही वंशज आपला धागा जोडून बघतात.

आपल्याला हा रस्ता बंद आहे. जनगणनेचा घरोघरचा कागद १९४८ च्या कायद्याने कुणालाही पाहता येत नाही, आणि जन्म-मृत्यूची नोंद सगळीकडे एकसारखी सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. इथली कारखानदारी जेमतेम शंभर वर्षांची आहे. तिच्या उत्तरार्धाचे साक्षीदार अजून संध्याकाळी बाकावर बसलेले सापडतात.

आधी कारखान्याची पार्श्वभूमी समजून घ्या, म्हणजे माणूस कधी आणि का आला ते कळेल. धरमसी मोरारजी केमिकल ही कंपनी १९१९ ची. अंबरनाथला तिने गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत करायला घेतलं. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया आयातकर बसवला. बाहेरून माल आणणं परवडेना, म्हणून स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ साली इथेच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. तीच आपली विम्को. म्हणजे दिल्लीत एक कर वाढला आणि त्यातून रत्नागिरी, सातारा, नगरकडच्या कुणाच्या तरी आजोबांना अंबरनाथला नोकरी लागली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याला एनआरसी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर मोरिवली, आनंदनगर, बदलापूरला माणकिवली, खरवई इथे लहान-मोठे कारखाने आले. आणि १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो मिटलाच नाही, तेव्हा लालबाग-परळची कितीतरी कुटुंबं स्वस्त खोली बघत याच रेल्वेमार्गावर सरकली. तुमचे आजोबा यातल्या कुठल्या लाटेबरोबर आले ते ठरवा. तारीख नंतर मिळेल.

शोधाची सुरुवात सरकारी कचेरीत करू नका. घरात करा, आणि तेही इथल्या घरात नाही. कामगाराचे कागद तो राबला तिथे कमी सापडतात आणि त्याने पैसे पाठवले तिथे जास्त सापडतात. अंबरनाथची खोली दहा बाय बाराची, त्यात गावाकडचे चौघे दाटीने राहायचे, दर दोन-चार वर्षांनी खोली बदलायची. इथे कागद टिकतीलच कसे? शिवाय २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी घरात शिरलं त्यात कितीतरी पेट्या भिजून लगदा झाल्या, आणि बदलापुरात २०१९ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. गावी मात्र माळ्यावर पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात मनीऑर्डरची कुपनं बघा. कुपनावर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम, टपाल कचेरीचा शिक्का आणि त्या चिमुकल्या जागेत दोन ओळींचा मजकूर असतो. ती तारखेने लावली की आजोबांनी खोली कधी बदलली, पगार कधी वाढला, कुठल्या महिन्यात पैसे आले नाहीत हे दिसायला लागतं. पैसे न आलेले महिने वेगळे लिहून ठेवा. ते बहुतेक संपाचे, टाळेबंदीचे किंवा आजारपणाचे असतात. गावच्या काकांनी ‘रद्दी आहे, जाळून टाकली’ असं म्हणायच्या आत हे करा.

त्याच ट्रंकेत पगाराची पाकिटं, बोनसची चिठ्ठी, युनियनची पावती, कारखान्याचा पितळी किंवा पुठ्ठ्याचा बिल्ला, रेल्वे पासाचं ओळखपत्र, हे काही ना काही असतं. यातल्या प्रत्येकावर टिकीट नंबर शोधा. कारखान्याला माणूस नावाने कमी आणि नंबराने जास्त माहीत होता. हजेरी, पगार, रजा, सगळं नंबरावर. एकदा तो नंबर आणि खातं सापडलं की म्हाताऱ्या सहकाऱ्यांना विचारता येतं. ‘धोंडू रामा ओळखता का?’ म्हटलं तर ते विचारतात, ‘कुठला? चार होते.’

नावांचा घोळ खरोखरच होतो. हजेरीपत्रकावर बरेचदा आडनावच नसतं, नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव. शाळेत एक आडनाव, कारखान्यात दुसरं, गावाच्या नावावरून पडलेलं तिसरं. लिहिणारा कारकून गुजराती असेल तर एक स्पेलिंग, मद्रासी असेल तर दुसरं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच घरात दोन धोंडू. सगळी रूपं एका कागदावर लिहा आणि त्यातलं खरं कुठलं यावर भांडत बसू नका. सगळी खरी असतात.

जन्मतारखेवर तर अजिबात विसंबू नका. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या माणसांचा जन्म शाळामास्तरांनी १ जूनला लावून दिलेला आहे. त्यापेक्षा आठवणीतल्या घटना धरा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा कामावर होते का? तो ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. बहात्तरच्या दुष्काळात गावची किती माणसं खोलीवर येऊन राहिली? गांधीजी गेले तेव्हा लग्न झालं होतं का? अशी दोन-तीन उत्तरं मिळाली की दाखल्यावरच्या तारखेपेक्षा जास्त भरवशाचं साल हाती येतं.

आता कचेऱ्या. प्रॉव्हिडंट फंडाच्या जुन्या नंबरात आधी राज्याची अक्षरं, मग कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी कामगाराचा खातेक्रमांक असतो. म्हणजे कारखाना कुठला हे नंबरच सांगतो. आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर त्यांच्या पेन्शनच्या आदेशाची प्रत काढून बघा. नोकरी कधी लागली, कधी सुटली, पत्नीचं नाव काय नोंदलं आहे, हे त्यावर असतं. ईएसआयचं जुनं कार्ड असेल तर त्यावर कुटुंबातल्या माणसांची नावं आणि वयंही असतात. ऑर्डनन्समधल्या कामगारांची पेन्शन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कचेरीतून मंजूर होते, त्यामुळे त्यांचा कागद तिथला असतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच उरलं नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. अर्ज लिहिताना नवं नाव घाला, नाहीतर तो फिरत राहील. सरकारी कारखान्याला माहितीच्या अधिकारात विचारता येतं, वारस म्हणून स्वतःची ओळख जोडायची आणि एकाच मुद्द्याचं विचारायचं: अमुक टिकीट नंबरच्या कामगाराची नोकरी-पुस्तिका आहे का. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत की समोरचा कारकून सुटला.

खासगी कारखान्याला तो कायदा थेट लागू नाही. विम्को पुढे आयटीसीकडे गेली, एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. बंद कारखान्याची हजेरीपत्रकं मिळतील अशी आशा मी लावणार नाही. तिथे युनियनचे जुने पदाधिकारी जास्त उपयोगी पडतात. निवाडे, करार, देणी मागणाऱ्यांच्या याद्या त्यांच्या कपाटात असतात. गिरणी कामगारांच्या वारसांना हे निराळं सांगायला नको. म्हाडाच्या घरासाठी गिरणीत काम केल्याचा पुरावा मागितला तेव्हा ज्यांनी रजेचं कार्ड, फंडाची चिठ्ठी जपली होती त्यांचं काम झालं. बाकीचे अजून फेऱ्या मारतात.

मृत्यूचा दाखला काढायला नगरपालिकेत जाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८३ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत घातले होते आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळे झाले. त्या नऊ वर्षांतली नोंद अंबरनाथला ‘नाही’ म्हणाले तर कल्याणला विचारल्याशिवाय परत फिरू नका. जमिनीचे, तालुक्याचे जुने कागदही कल्याणचेच, कारण हा सगळा मुलूख पूर्वी कल्याण तालुक्यात होता.

गावाकडे तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, असते. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना हे कागद घरोघर माहीत झाले. ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी ती पानं काढली त्यांना माझं सांगणं आहे की तीच पानं परत एकदा वाचा. पणजोबांच्या किती भावंडांचा मृत्यू लहानपणी झाला, कुठल्या रोगाने, ते त्यात आहे. पोट भरायला शहराकडे का यावं लागलं याचं उत्तर तिथून पुढे सुरू होतं. सातबारावरचा वारसाचा फेरफारही बघा. त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं येतात, जी वंशावळीत कुणी लिहीत नाही.

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून नोंद सापडते, बरेचदा आजोबांच्या स्वतःच्या सहीची किंवा अंगठ्याची. अस्थी घेऊन कोण आलं होतं तेही कळतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, पण तिथे साध्या कामगाराचं नाव मिळायची शक्यता थोडी. तिथे जायचं ते कारखान्यासाठी. त्यापेक्षा घरबसल्या पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह उघडा. १९२१ पासून मुंबई सरकार ‘लेबर गॅझेट’ काढत होतं. काडेपेटीच्या धंद्यावरचा १९२८ चा टॅरिफ बोर्डाचा अहवाल आणि १९३१ चा व्हिटली कमिशनचा अहवालही छापलेले आहेत. मजुरी, पाळ्या, राहणीमान, असं आजोबांनी कधी न सांगितलेलं बरंच काही त्यांत कळतं.

उल्हासनगरच्या शेजाऱ्यांचा शोध वेगळा आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी शहराची पायाभरणी केली. या सिंधी कुटुंबांकडे निर्वासित नोंदणीचा दाखला, मागे राहिलेल्या मालमत्तेच्या क्लेमचा कागद आणि घराची सनद असते, आणि त्यावर कॅम्प आणि बराक क्रमांक. पाकिस्तानात मागे राहिलेल्या कागदांचं दुःख ते करतात, पण एक लक्षात घ्या: सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कुणाचे आजोबा तिकडे सरकारी नोकरीत असतील तर त्या काळाच्या नोंदी मुंबईच्या दफ्तरात बघण्यासारख्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांकडेही जरूर विचारावं.

बायकांच्या बाबतीत मी जास्त आग्रह धरीन. पेट्या भरणं, लेबलं डकवणं, घरी बसून डझनावर काम करणं यात बायका होत्या. लग्नानंतर नाव बदललेलं, काहींचं तर पहिलं नावसुद्धा. माहेरचं नाव विचारल्याशिवाय त्यांचा माग लागत नाही, आणि ते विचारायचं तर त्यांच्या माहेरच्या गावीच जावं लागतं. घरकामात गणली गेलेली मजुरी कुठल्याच पत्रकात नाही. ती फक्त कुणाच्या तरी आठवणीत आहे.

म्हणून आता आठवणींचं बोलू. सहकाऱ्याच्या घरी जाताना मोबाइल रेकॉर्डरवर लावायच्या आधी परवानगी घ्या आणि पहिल्याच प्रश्नाला ‘तुमच्या जीवनाबद्दल सांगा’ असं काही म्हणू नका. काका गप्प होतील. आजोबांचा फोटो दाखवा आणि विचारा: भोंगा किती वाजता व्हायचा? गेटातून आत गेल्यावर उजवीकडे काय होतं? लाकूड कुठून यायचं, सोलायचं कोण? मसाल्याच्या खात्यात कुणाला ठेवायचे, ठिणगी पडू नये म्हणून काय करायचे? डबा कुठे खायचे आणि कुणाबरोबर? या शेवटच्या प्रश्नावर थांबा. कोण कुणाबरोबर जेवत होतं आणि कोण वेगळं बसत होतं, यातून जात, गाव आणि युनियन असं सगळं एका उत्तरात येतं. हात बघायला विसरू नका. बोटावरच्या जुन्या खुणेची गोष्ट माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही. मुंबईच्या गिरणगावासाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरेक माणसांकडून असं बोलून घेतलं आणि २००४ साली त्याचं पुस्तक झालं. अंबरनाथचं अजून कुणीतरी करायचं आहे, पण तुम्ही निदान तुमच्या घरापुरतं करा.

त्यात न आवडणारं निघेल. आजोबा संपात आत जाऊन काम करत होते, पगाराच्या दिवशी घरी उशिरा यायचे, गावी एक आणि इथे एक असे दोन संसार होते. हे गाळू नका. पण जिवंत माणसाला लागेल असं असेल तर वेगळ्या वहीत ठेवा आणि कुणाला वाचायला द्यायचं ते घरात ठरवा. आणि सांगणारा सांगतो ते सगळं खरं धरू नका. दोघांचं जुळतं ते एका रंगाने, एकट्याचं ते दुसऱ्या रंगाने लिहा. आजोबा एकट्याने मालकाला भिडले होते अशी गोष्ट प्रत्येक घरात असते.

किती लिहायचं? वीस पानं पुष्कळ झाली. फोटोंच्या मागे आत्ताच पेन्सिलीने नावं घाला, बॉलपेनाने नको, शाई पुढे उमटते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. फोटो काढून तीन जणांच्या मोबाइलवर ठेवा आणि मूळ कागद जमिनीपासून वर, माळ्यावर. नदीकाठच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. लिहून झालं की एक प्रत गावच्या घरी, एक इथे आणि एक ग्रंथालयात द्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. आधी ग्रंथपालांशी बोला आणि हस्तलिखिताची पोच घ्या. प्रतीच्या पहिल्या पानावर कारखान्याचं नाव, खातं, टिकीट नंबर आणि मूळ गाव ठळक लिहा. त्याच खात्यात काम केलेल्या दुसऱ्या कुणाच्या नातीला ते हवं असेल.